वनाचा हक्क, वनाची जबाबदारी आणि सार्वजनिक निधी

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला :
१. ‘संवर्धन सुविधाधिकार’ ही संकल्पना सोप्या शब्दांत सांगता येईल.
२. ही संकल्पना भारतीय कायद्यात जशीच्या तशी का बसत नाही, याची कारणे देता येतील.
३. निस्तार, ग्रामदान आणि सामूहिक वनहक्क यांचा परस्परसंबंध स्पष्ट करता येईल.
४. वनसंवर्धनासाठी येणाऱ्या सार्वजनिक निधीचे मार्ग व त्यांच्या अटी समजून घेता येतील.
५. शासकीय मराठीतील एकेका शब्दाचा व्यवहारावर कसा परिणाम होतो, हे ओळखता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, गडचिरोली जिल्ह्याला रेल्वेच्या नकाशावर आणणारे गाव म्हणजे वडसा, अर्थात देसाईगंज. गोंदिया–बल्लारशा लोहमार्गावरचे हे गाव झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्यांमुळे सर्वदूर माहीत आहे. या गावाची दुसरी ओळख वनाची आहे. वनविभागाच्या रचनेत वडसा हा स्वतंत्र विभाग आहे आणि ज्या जिल्ह्यात तो मोडतो, त्या जिल्ह्याचे दोन-तृतीयांशाहून अधिक क्षेत्र वनाच्छादित आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी मोहफुले वेचली जातात, तेंदूपानांचे पुडे बांधले जातात, बांबूवर घर चालते. अलीकडे वाघांचा वावर वाढल्याने रानात जाताना मनात धाकधूकही असते.

हे वन टिकावे असे सर्वांनाच वाटते. वाद निर्माण होतो तो पुढच्या प्रश्नावर. वन टिकवण्याचा खर्च कोणी करायचा? वणवा विझवायला जाणाऱ्या माणसाचा दिवस बुडतो, त्या दिवसाची किंमत कोण देणार? वनाचा लाभ नागपूर-मुंबईच्या माणसालाही होत असेल, पाणी, पाऊस आणि हवा सर्वांचीच असेल, तर भार एकट्या गावाने का उचलावा? आणि सरकारने पैसा दिला, तर त्यासोबत निर्णयाचा अधिकार कोणाकडे जातो? या प्रश्नांची उकल करण्यासाठी आपण प्रथम परदेशातील एक व्यवस्था पाहू आणि नंतर आपल्या जिल्ह्याकडे येऊ.

२. संवर्धन सुविधाधिकार : मूळ कल्पना

जमिनीची मालकी ही एकसंध वस्तू आहे, असे आपण सहसा मानतो. वस्तुतः मालकी म्हणजे अनेक हक्कांची मोळी असते. जमीन कसण्याचा, तिच्यावर बांधकाम करण्याचा, झाडे तोडण्याचा, ती विकण्याचा, वारसांना देण्याचा असे निरनिराळे हक्क त्या मोळीत एकत्र बांधलेले असतात. मोळीतील एखादी काडी वेगळी काढून दुसऱ्याच्या हाती देता येते, हे एकदा ध्यानात आले की पुढचे सारे सोपे होते.

अमेरिकेत एखादा शेतकरी किंवा वनमालक आपल्या जमिनीवर इमारती उभारण्याचा वा तिचे तुकडे पाडून विकण्याचा हक्क कायमचा सोडून देतो. हे बंधन पाळले जाते की नाही, यावर लक्ष ठेवण्याचा अधिकार तो एखाद्या ना-नफा भूमिन्यासाला देतो. जमीन त्याचीच राहते. तो ती कसतो, तिच्यावर राहतो, ती विकूही शकतो. मात्र विकत घेणाऱ्यालाही ते बंधन लागू राहते. या व्यवस्थेला ‘संवर्धन सुविधाधिकार’ म्हणतात. भूमिन्यासांची परंपरा तिकडे जुनी आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यात असा पहिला न्यास १८९१ साली स्थापन झाला. सुविधाधिकाराचा नमुना कायदा १९८१ साली तयार झाला आणि पुढे अनेक राज्यांनी त्याच्या आधारे आपापले कायदे केले.

यात सार्वजनिक निधी दोन वाटांनी येतो. पहिली वाट थेट खरेदीची. सरकार स्वतः असा हक्क विकत घेते किंवा न्यासाला खरेदीसाठी अनुदान देते. २०१४ च्या तेथील शेतीविषयक कायद्यात यासाठी स्वतंत्र कार्यक्रम आहे. दुसरी वाट करसवलतीची. मालकाने हा हक्क दान केला, तर त्यामुळे जमिनीची किंमत जेवढी घटते तेवढी रक्कम दान समजली जाते आणि त्यावर प्राप्तिकरात सूट मिळते. तिजोरीत येणारा कर येत नाही, म्हणजे तो खर्च अप्रत्यक्षपणे जनताच उचलते.

या व्यवस्थेचे गुण उघड आहेत. सरकारला सगळी जमीन विकत घ्यावी लागत नाही, मालक विस्थापित होत नाही आणि बंधन पिढ्यान्‌पिढ्या टिकते. दोषही तितकेच स्पष्ट आहेत. सोडलेल्या हक्काची किंमत फुगवून दाखवली की करसवलत फुगते. गुंतवणूकदारांचे गट करून असा लाभ लुटण्याचे प्रकार इतके वाढले, की २०२२ साली तेथील संसदेने त्यावर मर्यादा घातली. दुसरे असे, की बंधन कायमचे असले तरी त्यावर देखरेख करणाऱ्याचा खर्चही कायमचा असतो आणि त्याची तरतूद बहुधा अपुरी असते. तिसरे म्हणजे, जनतेच्या पैशाने राखलेल्या त्या जमिनीवर जनतेला पाऊल ठेवता येईलच, असे नाही.

३. भारतीय कायद्यातील अडचण

‘सुविधाधिकार’ हा शब्द मराठी विधिपरिभाषेत रूढ आहे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमावर तो आधारलेला आहे. बोलीत आपण ‘वहिवाटीचा हक्क’ म्हणतो तो याच्या जवळचा. शेजाऱ्याच्या बांधावरून आपल्या शेतात बैलगाडी नेण्याचा हक्क किंवा शेजारच्या जमिनीतून पाट आणण्याचा हक्क ही त्याची ओळखीची उदाहरणे.

या अधिनियमाच्या कलम ४ मधील व्याख्या बारकाईने पाहिली, तर एक अट दिसते. सुविधाधिकार असतो तो एका जमिनीच्या लाभासाठी दुसऱ्या जमिनीवर. म्हणजे हक्क धारण करणाऱ्याकडे स्वतःची जमीन हवी आणि त्या जमिनीला त्या हक्काचा उपयोग व्हायला हवा. पुण्यातील किंवा नागपुरातील एखाद्या संस्थेची आपल्या रानाशेजारी जमीनच नसेल, तर तिला हा हक्क धारण करता येत नाही. शिवाय शेतकरी नसलेल्या व्यक्तीला वा संस्थेला शेतजमीन विकत घेण्यावर महाराष्ट्रात निर्बंध आहेत. त्यामुळे ‘आधी जमीन घेऊ, मग राखू’ हा मार्गही अरुंद होतो.

तरीही प्रयत्न झालेच नाहीत, असे नाही. सह्याद्रीत रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर परिसरात पुण्याच्या ‘अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन’ या संस्थेने खासगी वनांच्या मालकांशी संवर्धनाचे करार केले आहेत. कोकणात खासगी वने पुष्कळ आहेत आणि लाकडासाठी ती सरसकट तोडली जातात. तोड न करण्याच्या बदल्यात मालकाला मोबदला आणि बेहड्यासारख्या वनोपजाला चांगली बाजारपेठ, असे या प्रयत्नाचे स्वरूप आहे. परंतु करार हा करार करणाऱ्यांना बांधतो. जमीन विकली गेली तर नव्या मालकाला तो आपोआप बांधतोच, असे नाही. कायमपणा हा सुविधाधिकाराचा प्राण आहे आणि नेमका तोच येथे हाती लागत नाही.

वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने ‘सामुदायिक राखीव क्षेत्र’ हा प्रकार आला. खासगी वा सामुदायिक जमिनीवर, लोकांनी स्वेच्छेने पुढे आल्यावर असे क्षेत्र जाहीर करता येते. मात्र एकदा ते जाहीर झाले की जमिनीच्या वापरातील बदलांवर शासनाचे नियंत्रण येते. त्यामुळे लोक या वाटेने जाताना बिचकतात.

४. निस्तारापासून सामूहिक वनहक्कापर्यंत

आता आपल्या भागाकडे वळू. परक्याच्या मालकीच्या जमिनीवर गावाचा वापरहक्क ही कल्पना झाडीपट्टीला नवी नाही. मालगुजारीच्या आणि जमीनदारीच्या काळात रान मालगुजाराचे असे, पण जळण, बांबू, चराई, नांगराचे लाकूड यांवर गावकऱ्यांचा हक्क मानला जाई. त्याला ‘निस्तार’ म्हणत. संस्कृतात निस्तार म्हणजे पार पडणे, तरून जाणे. ज्याच्या आधारे संसार तरून जातो तो निस्तार, असा अर्थ येथे सहज जुळतो. १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आली, रान शासनाकडे गेले आणि मालगुजारी तलाव ‘माजी मालगुजारी’ म्हणजेच ‘मामा तलाव’ झाले. निस्ताराची नोंद मात्र कागदावर राहिली. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये कलम १६१ निस्तारपत्रकाविषयी आणि कलम १६५ वाजिब-उल-अर्जाविषयी आहे. ‘वाजिब-उल-अर्ज’ हा अरबी-फारसी वळणाचा शब्द. निवेदन करण्याजोग्या बाबींची, म्हणजे गावाच्या वहिवाटीची ती नोंदवही.

निस्तारात एक उणीव होती. त्यात वापराचा हक्क होता, पण राखण्याचा आणि व्यवस्थापनाचा अधिकार नव्हता. कोणते झाड तोडायचे आणि कोणते ठेवायचे, हे ठरवणारा दुसराच असे. ज्याला ठरवता येत नाही, त्याला राखण्यात रस उरत नाही.

ही उणीव २००६ च्या अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियमाने भरून काढली. त्याच्या कलम ३(१)(झ) ने, म्हणजे इंग्रजी प्रतीतील नवव्या उपखंडाने, सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण, पुनर्निर्माण, संवर्धन व व्यवस्थापन करण्याचा हक्क मान्य केला. कलम ५ ने वन, वन्यजीव आणि जैवविविधता राखण्याचे अधिकार ग्रामसभेला दिले. गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबूचा स्पष्ट समावेश केला. कलम ४(४) अन्वये हा हक्क वारसाने पुढे जातो, पण विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही.

येथे थोडे थांबून तुलना करू. अमेरिकेतील सुविधाधिकारात खासगी मालक विक्री-विकासाचा हक्क सोडतो आणि त्रयस्थ संस्था राखण करते. सामूहिक वनहक्कात जमीन शासनाची असते, राखण करणारी संस्था म्हणजे गाव स्वतः असते आणि गावाला ती जमीन विकताच येत नाही. दोन्हींचा गाभा एकच : मालकी एकाकडे, राखणीचा अधिकार दुसऱ्याकडे आणि बंधन कायमचे. आपल्याकडचा ‘भूमिन्यास’ म्हणजे ग्रामसभा होय, असे म्हटले तर ते वावगे ठरणार नाही.

शब्दांविषयी एक सूचना. कार्यालयीन भाषेत आणि बातम्यांत ‘पट्टेवाटप’ हा शब्द सर्रास येतो. कायद्याच्या नावात मात्र ‘मान्यता’ हा शब्द आहे. वाटप होते ते देणाऱ्याच्या मालकीच्या वस्तूचे. मान्यता मिळते ती आधीपासूनच असलेल्या हक्काला. ‘वाटप’ म्हटले की गाव याचक ठरते, ‘मान्यता’ म्हटले की हक्कदार. भाषेच्या विद्यार्थ्याने हा भेद कधीही विसरू नये.

५. दोन गावांची उदाहरणे

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे शंभराच्या आसपास घरांचे गोंड वस्तीचे गाव. सर्वसहमतीने निर्णय घेणारी ग्रामसभा आणि तिला माहिती पुरवणारे अभ्यासगट, ही या गावाची जुनी रीत. देवाजी तोफा यांचे नेतृत्व आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची साथ यांमुळे ती देशभर माहीत झाली. २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्काची मान्यता मिळाली. देशात असा हक्क सर्वप्रथम मिळालेल्या गावांत मेंढा आणि शेजारचे मर्दा यांची गणना होते.

पण हक्क कागदावर आला, तरी बांबू रानाबाहेर नेण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना वनविभागाकडेच होता. हा पेच २७ एप्रिल २०११ रोजी सुटला. तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. बांबूच्या विक्रीतून आलेल्या पैशातून ग्रामसभेला राखणीची, रोपणाची आणि मजुरीची कामे करता आली.

२०१३ साली मेंढ्याने आणखी एक पाऊल टाकले. १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्यान्वये गावकऱ्यांनी आपल्या खासगी जमिनीही ग्रामसभेच्या नावे करण्याचा निर्णय घेतला. विनोबांच्या ग्रामदान कल्पनेत शेतकरी जमीन कसत राहतो, वारसाला देतो, पण गावाबाहेरच्याला विकण्याचा हक्क सोडतो. मोळीतली एक काडी स्वेच्छेने गावाच्या हाती देणे, ही कल्पना सुविधाधिकाराच्या किती जवळची आहे, हे आपल्या लक्षात आलेच असेल. फरक एवढाच, की येथे कोणतीही करसवलत नव्हती.

दुसरे उदाहरण चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावचे. या गावाला २०१२ साली सुमारे १,००० हेक्टर वनावर हक्क मिळाला. तेंदूपाने तोडणे हा रोख पैशाचा मोठा मार्ग. परंतु पानांसाठी फांद्या छाटल्या जातात आणि रानाला आगी लावल्या जातात, हे पाहून ग्रामसभेने पाने तोडणे बंद केले आणि बांबूवर भर दिला. रानाचा काही भाग तर देवराईसारखा अस्पर्श ठेवण्याचे ठरवले. म्हणजे गावाने समोर दिसणारे उत्पन्न सोडले. हा त्याग सार्वजनिक हिताचा असेल, तर त्याची काही भरपाई समाजाने करावी की नाही? आपला मूळ प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो.

६. निधीचे मार्ग

गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत. सगळ्यांकडे बांबू नाही आणि तेंदूपानांचा भाव दरवर्षी सारखा राहत नाही. म्हणून बाहेरच्या निधीचा विचार करावाच लागतो. त्याचे मुख्य मार्ग पुढीलप्रमाणे.

(अ) योजनांचे अभिसरण. वनहक्क नियमांतील नियम १६ प्रमाणे, हक्क मिळालेल्या व्यक्तींना व समूहांना शासकीय योजनांचा लाभ पोहोचवणे हे राज्य शासनाचे कर्तव्य आहे. आदिवासी विकास, कृषी, रोजगार हमी अशा वेगवेगळ्या खात्यांचा पैसा गावाच्या आराखड्याभोवती एकत्र आणणे, याला ‘अभिसरण’ म्हणतात. जाळरेषा काढणे, समतल चर खोदणे, मामा तलावातील गाळ काढणे, रोपवन लावणे ही कामे अशा रीतीने होऊ शकतात.

(आ) पेसा निधी. १९९६ च्या पेसा कायद्याखाली येणाऱ्या अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी थेट देण्याचा निर्णय महाराष्ट्राने २०१५ साली घेतला. हा ‘अबंध’ निधी असल्याने गावाला प्राधान्यक्रम ठरवता येतो. मात्र जिल्ह्यातील प्रत्येक गाव अनुसूचित क्षेत्रात मोडत नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे.

(इ) प्रतिपूरक वनीकरण निधी. रस्ता, खाण, धरण वा लोहमार्ग यांसाठी वनजमीन वळती केली, की प्रकल्प राबवणाऱ्या यंत्रणेला पर्यायी वनीकरणाचा खर्च आणि गमावलेल्या वनाचे ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ भरावे लागते. वडसा–गडचिरोली या सुमारे ५२ किलोमीटरच्या नव्या लोहमार्गालाही वनजमीन लागते, म्हणजे हा हिशेब आपल्या दारातलाच आहे. २०१६ च्या प्रतिपूरक वनीकरण निधी अधिनियमाने या रकमेचा ९० टक्के भाग राज्यांकडे आणि १० टक्के राष्ट्रीय निधीकडे ठेवला. २०१८ च्या नियमांनुसार निव्वळ वर्तमान मूल्याच्या रकमेपैकी किमान ८० टक्के वन व वन्यजीव व्यवस्थापनावर खर्च व्हावेत, अशी तरतूद आहे.

७. ‘विचारविनिमय’ की ‘संमती’?

या तिसऱ्या निधीभोवतीचा वाद समजून घेणे अगत्याचे आहे. तो पैसा वन गमावल्याचा मोबदला आहे. वन गमावण्याची झळ सर्वाधिक बसते ती त्या परिसरातील गावाला. पैसा मात्र वनविभागामार्फत खर्च होतो. कधी हक्क मान्य झालेल्या जमिनीवरच रोपवन लावले जाते, कुंपण घातले जाते आणि गुरांची वाट अडते. म्हणून २०१६ साली राज्यसभेत विधेयकावर चर्चा झाली, तेव्हा ग्रामसभेच्या संमतीची अट कायद्यातच घालावी, अशी मागणी पुढे आली. ग्रामसभेचा मुद्दा नियमांत सामावून घेऊ, असे आश्वासन शासनाने दिले. २०१८ च्या नियमांत जो शब्द आला तो मात्र ‘विचारविनिमय’ या अर्थाचा होता. ‘संमती’ हा शब्द तेथे आला नाही.

दोन शब्दांतील अंतर पाहा. विचारविनिमयात गावाचे म्हणणे ऐकून घेणे पुरते. संमतीत गावाला ‘नाही’ म्हणता येते. ‘नाही’ म्हणण्याची शक्यता नसेल, तर ‘हो’ला फारसा अर्थ उरत नाही.

दुसरी बाजूही न्याय्य बुद्धीने पाहिली पाहिजे. सार्वजनिक पैसा म्हटला की हिशेब आला, तपासणी आली. ग्रामसभेत काही मोजक्यांचेच चालत असेल, स्त्रिया बोलत नसतील, ठेकेदाराचा प्रभाव असेल, तर थेट निधी हे संकटही ठरू शकते. अमेरिकेतील फुगवलेल्या करसवलतींचा धडा हाच आहे : संस्था ना-नफा आहे, एवढ्याने पैसा सुरक्षित होत नाही. म्हणून चांगल्या व्यवस्थेच्या किमान तीन अटी सांगता येतील. एक, आराखडा ग्रामसभेने करावा आणि पैसा त्या आराखड्यामागे यावा. दोन, हिशेब गावाच्या भाषेत, गावासमोर वाचला जावा. तीन, निधी रोपांच्या संख्येवर न मोजता राखणीच्या वर्षांवर मोजला जावा, कारण झाड लावण्याला एक दिवस लागतो आणि जगवण्याला अनेक वर्षे.

यांपैकी दुसरी अट भाषेच्या विद्यार्थ्यांसाठी विशेष महत्त्वाची. ‘अभिसरण’, ‘निव्वळ वर्तमान मूल्य’, ‘प्रतिपूरक’ हे शब्द अचूक आहेत, पण सभेला बसलेल्या बाईपर्यंत ते पोहोचत नाहीत. तिला ‘निस्तार’ कळतो. गोंडी आणि झाडीबोली बोलणाऱ्या गावांत हा दुवा सांधणारा माणूस लागतो. आपण पदवी घेऊन गावात राहणार असाल, तर ते काम आपल्याकडे येण्याचा संभव मोठा आहे.

८. सारांश

मालकी ही अनेक हक्कांची मोळी आहे आणि संवर्धनासाठी त्यातील काही हक्क वेगळे करता येतात. अमेरिकेत ते भूमिन्यासाकडे जातात आणि त्याचा भार करसवलत वा अनुदान यांतून जनता उचलते. भारतीय सुविधाधिकार अधिनियमात तशी सोय नाही. आपल्याकडे निस्ताराची परंपरा, ग्रामदानाचा विचार आणि २००६ चा वनहक्क कायदा यांतून ग्रामसभा हीच राखण करणारी कायदेशीर संस्था म्हणून उभी राहिली. हक्क मान्य झाला, पण राखणीचा खर्च कोणी आणि कोणत्या अटींवर द्यायचा, हा प्रश्न अजून मिटलेला नाही. त्याचे उत्तर जेवढे कायद्यात आहे, तेवढेच ग्रामसभेच्या जागरूकतेत आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. ‘मालकी म्हणजे हक्कांची मोळी’ हे विधान आपल्या परिसरातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.
२. १८८२ च्या अधिनियमातील कोणत्या अटीमुळे त्रयस्थ संस्थेला सुविधाधिकार धारण करता येत नाही?
३. निस्तार हक्क आणि सामूहिक वनहक्क यांतील मुख्य फरक सांगा.
४. ‘वाटप’ आणि ‘मान्यता’, तसेच ‘विचारविनिमय’ आणि ‘संमती’ या जोड्यांतील अर्थभेद लिहा.
५. पाचगावच्या निर्णयाला सार्वजनिक निधीतून भरपाई मिळावी का? दोन्ही बाजू मांडून आपले मत द्या.

क्षेत्रीय कार्य

आपल्या गावाच्या निस्तारपत्रकाची किंवा वाजिब-उल-अर्जाची प्रत तलाठी कार्यालयात पाहण्याची विनंती करा. त्यातील किमान दहा शब्द निवडा. प्रत्येकाचा नोंदीतील अर्थ, गावातील वृद्धांनी सांगितलेला अर्थ आणि आजचा वापर यांची नोंद करून दोन पानी टिपण तयार करा. नंतर ते टिपण, शक्य झाल्यास, ग्रामसभेत वाचून दाखवा.